जयवंतरावांची नदीसेवा

मंडळी, जरा सावरून बसा. आज मी एकच प्रश्न घेऊन आलोय. एका हाताने घाण करायची आणि दुसऱ्या हाताने झाडू मारायचा – याला सेवा म्हणायची का? लगेच माना हलवू नका. आधी ऐका.

आंबेघाट नावाचं नदीकाठचं गाव. तिथे जयवंतराव शिरोळकरांचा फरसाणाचा कारखाना. माणूस देवभोळा, दानशूर. पाच रुपयांची चिवड्याची प्लास्टिकची पुडी गावोगाव पोचवली त्यांनी. आणि दर वर्षी कारखान्यातर्फे घाटाची सफाई!

त्या सफाईचं काम बघायची मृणाल खोपकर. हुशार, सरळ मुलगी. त्या वर्षी सगळे कामगार हिरवे सदरे घालून आले. प्रत्येक सदरा प्लास्टिकच्या पिशवीत आलेला, बरं का. नाश्ता थर्माकोलच्या ताटलीत. हसताय? हसा, हसा. आपल्याकडे काही वेगळं नसतं.

दुपारी कचऱ्याचा ढीग झाला. मृणालने काठीने उकरून पाहिलं, तर बहुतेक पुड्या आपल्याच कारखान्याच्या. तेवढ्यात फोटोवाला आला. जयवंतराव हळूच म्हणाले, "पुड्या उलट्या करून घ्या. नाव दिसायला नको."

मृणाल म्हणाली, "साहेब, नाव झाकण्यापेक्षा लहान पुडीच बंद करू या. दुकानदारांना मोठे डबे देऊ. लोक घरून भांडं आणतील."

"आणि ज्याच्या खिशात पाचच रुपये आहेत, त्याने काय करायचं?"

"तो पाच रुपयांचा चिवडा कागदात नेईल की."

जयवंतरावांनी फोटोवाल्याला खूण केली. पुड्या उलट्या झाल्या, फोटो निघाला. पुढच्या आठवड्यात मृणालची बदली गोदामात झाली. घरी जाऊन रडली ती. पण नोकरी सोडली नाही. आजारी वडिलांचं सगळं तिच्यावर होतं.

आता ऐका, मंडळी. त्याच पावसाळ्यानंतर जयवंतरावांच्या आई गेल्या. अस्थी घेऊन ते घाटावर उतरले. गुरुजींनी मंत्र म्हटले, जयवंतरावांनी कलश वाकवला – आणि अस्थी पाण्यात जाईनात. वर कचऱ्याचा थर तरंगत होता, त्यावरच राहिल्या. आईच्या अस्थी, पुड्यांवर.

गुरुजी म्हणाले, "यजमान, थोडं पुढे जाऊ या."

"नको," जयवंतराव म्हणाले. धोतर खोचून ते पाण्यात शिरले. अस्थी अलगद गोळा करून पुन्हा कलशात ठेवल्या. मग दोन्ही हातांनी कचरा काठावर ओढू लागले. कुणी मदतीला आलं, तर मानेनेच नको म्हणायचे. कितीतरी वेळाने खालचं पाणी दिसलं. तेव्हा आईला निरोप दिला.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः गोदामात गेले. मृणाल उठून उभी राहिली. ते म्हणाले, "बस. ते डब्यांचं कसं करायचं, सांग मला."

"विक्री पडेल, साहेब."

"पडू दे."

आणि पडलीच. नातेवाईक हसले, लहान पुडीची जागा दुसऱ्या कारखान्यांनी घेतली. नदी स्वच्छ झाली का? नाही झाली. मी खोटं सांगणार नाही. आजही तिथे पुड्या तरंगतात. पण त्यांत जयवंतरावांची नसते. आता ते घाटावर झाडू घेऊन उतरतात, तेव्हा फोटोवाल्याला बोलावत नाहीत.

मग सेवा कुठली, मंडळी? फोटोतली, की त्या दिवशी पाण्यात उतरून केलेली? तुमच्या मनात उत्तर आलंय, मला दिसतंय.

पण जयवंतरावांना बाजूला ठेवू या. मघाशी मी मंडपामागून आलो. महाप्रसादाची तयारी पाहिली. थर्माकोलच्या ताटल्यांची थप्पी माझ्या खांद्याएवढी आहे. आणि गावचा ओढा इथून हाकेच्या अंतरावर.

आपली घरं जवळ आहेत. जा, आपापली ताटं घेऊन या. मला भूक लागलीय, पण मी थांबतो. तुम्ही येईपर्यंत मी आणि हे टाळकरी इथे नाम घेत बसू.