उजव्या चाकाचा नारळ

निपाणीच्या गॅरेजात मी बाकावर बसलो होतो. शेजारी नागेंद्रअण्णा आणि त्यांची बायको जयाआक्का, समोर त्यांची गाडी तपासून आलेला मिस्त्री.

"अण्णा, ब्रेक दाबला की गाडी थरथरतीया ती उजव्या चाकाच्या ब्रेकच्या डिस्कमुळं. कुठं जाड, कुठं पातळ झिजलीया. डावी झकास हाय."

"एकच कशी रं?"

"तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडत असंल."

"छ्या! कोण वततंय?"

"अहो, तुमीच की! घाट उतरला की देवळापाशी उजव्या चाकावर तांब्याभर पाणी वतून नारळ फोडताय न्हवं?"

"गप गं! ते ब्रेक नीट ऱ्हावं म्हणून."

"आणि थरथरायला लागल्यापास्नं घागर वततायत, मिस्त्री!"

"अण्णा, नवी डिस्क बसवतो. पर आता उजव्या चाकावर पाणी न्हाय हां."

"न्हाय वतणार. हितनं पुढं डाव्या चाकावर."

जयाआक्का म्हणाल्या, "मिस्त्री, डावी डिस्कबी मागवून ठेवा."