आतून आवळायचं तोरण

...नाही, पण मी म्हणतो, सुतळीनं बांधलं असतं तर काय बिघडलं असतं? आंब्याची पानं, झेंडूची चार फुलं, वावभर सुतळी, दोन गाठी, संपलं! सगळं जग असंच तोरण बांधतं की नाही? पण रंगराव पडले फिटर! फिटरच्या दारावर सुतळी लोंबली तर लोक काय म्हणतील? अहो, लोक काही म्हणत नाहीत, लोकांना त्यांची कामं आहेत... पण हे रंगरावांना सांगणार कोण?

तुम्हाला सांगतो, ही छप्पन्न सालची गोष्ट. रंगराव मूळचे जुन्नरकडचे, पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात नोकरीला, आणि राहायला रहाटणीत, पत्र्याच्या एका खोलीत. खोलीत कोण कोण? तर रंगराव, त्यांची बायको यशोदाबाई, आणि सासूबाई छबूबाई, देहूकडच्या. म्हणजे दोन माणसं आणि एक सरकार. त्यात घरमालकाची शेळी. गणपतीला छबूबाईंनी तोरण बांधलं, शेळीनं खाल्लं. घटाला बांधलं, खाल्लं. दसऱ्याला तर अर्धं बांधून होईपर्यंत तिनं दुसऱ्या टोकानं सुरुवात केली होती! छबूबाई शेळीला एक अक्षर बोलल्या नाहीत, बोलल्या त्या जावयाला. एवढी मोठी यंत्रं जोडता आणि दाराला चार पानं टिकवता येत नाहीत, असं काहीतरी. ते रंगरावांना जे लागलं, जे लागलं...

आणि नेमकं दिवाळीच्या तोंडावर कंपनीचं क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, नळ, वर सिमेंटचा स्लॅब! यशोदाबाई तर तीन दिवस नुसत्या 'नळ, नळ' करत होत्या. फक्त एक अट होती. सोमवारी बाराच्या भोंग्याच्या आत राहायला यायचं, नाहीतर क्वार्टर यादीतल्या पुढच्या माणसाला. पुढचा माणूस म्हणजे स्टोअरमधले उद्धवराव. आणि कॉलनीत शेळ्या रहाटणीपेक्षा जास्त!

झालं. रंगरावांनी ठरवलं, तोरण मी करणार, आणि असं करणार की शेळी काय, हत्तीनं ओढलं तरी निघणार नाही. आदल्या दिवशी सकाळीच बसले. पत्र्याची लांब पट्टी घेतली, फूटपट्टीनं खुणा केल्या, दर अडीच इंचाला एक भोक. एकसारखी एकवीस पानं निवडायला तीन टोपल्या आंब्याचा पाला लागला. झेंडूंचं तर विचारूच नका... प्रत्येक फूल कॅलिपरमध्ये धरून मोजायचे आणि बाजूला टाकायचे. हे लहान, हे मोठं, हे एका बाजूला बसकं. छबूबाई शेजारीच खराट्याच्या काडीनं पानं टाचत बसल्या होत्या, सवयीनं. बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "जावईबापू, फूल हाय त्ये, बोल्ट न्हाई."

रंगराव हसले. कारण खरी करामत पुढंच होती. क्वार्टरची चौकट लोखंडी, त्यात खिळा जाणार कसा? पण चौकटीच्या वर भिंतीत दोन टोकांना दोन आरपार भोकं होती, कशाला ठेवली होती देव जाणे. रंगरावांनी पट्टीच्या मागं दोन लांब बोल्ट बसवले. बोल्ट बाहेरून भोकात सारायचे, आणि नट? नट आतून आवळायचे! बाहेरच्याला सोडताच येणार नाही. वा! स्वतःच्याच हुशारीवर इतके खूश झाले की त्या दिवशी एक चपाती जास्त खाल्ली. आता तुम्हीच सांगा, सुतळीनं बांधलं असतं तर काय बिघडलं असतं?

सोमवारी अकराला बैलगाडी क्वार्टरसमोर उभी. ट्रंक, जातं, गाद्या, डबे, वर छबूबाई, मांडीवर कलश. समोर लिंबाखाली उद्धवराव आपल्या ट्रंकेवर बसलेले. तेही सामान घेऊनच आले होते, म्हणाले, सहज. मांडीवर त्यांचं स्वतःचं तोरण, सुतळीचं! कंपनीचा बाबू कुलूप काढून बाजूला उभा राहिला. छबूबाई गाडीतून उतरल्या, उंबऱ्याशी गेल्या आणि हुकूम सोडला, की दारावर तोरण चढल्याबिगर कुणाचाही पाय आत पडायचा नाही.

बरोबरच आहे, रीतच आहे ती. रंगराव ऐटीत शिडीवर चढले. बोल्ट भोकात सारले. मस्त बसले, सूतभर इकडं नाही की तिकडं नाही. मग खिशातून नट काढले... आणि तसेच थांबले. नट हातात, हात बाहेर, बोल्टाची टोकं आत. तोरण लागल्याशिवाय आत जायचं नाही, आणि आत गेल्याशिवाय तोरण लागायचं नाही!

हात सोडला की तोरण पुढं झुकायचं, म्हणून रंगराव एका हातानं तोरण धरून शिडीवर. खाली उतरावं तरी पंचाईत. म्हणाले, मामी, एक मिनिट आत जाऊन येतो. छबूबाई कलश घेऊन दारात आडव्या! खिडकीतून जातो म्हणाले, तर खिडकीला गज. नुसता हात आत घालतो म्हणाले, तर हात वरच्या भोकापर्यंत पोचेना. समोरून उद्धवरावांनी अगदी मायेनं विचारलं, सुतळी देऊ का? रंगराव नाही म्हणाले. साडेअकरा झाले, पावणेबारा झाले. यशोदाबाईंचे डोळे भरून आले. त्या उघड्या दारातून आतल्या नळाकडं बघत राहिल्या. बायकोनं दोन वर्षं ओढ्यावरून पाणी आणलेलं, आणि आता घर जातंय कशापायी, तर दोन नटांपायी! म्हणून म्हणतो, सुतळीनं बांधलं असतं तर...

तेवढ्यात आला नूरमोहम्मद. नूरमोहम्मद म्हणजे कॉलनीचा सुतार, या लायनीतली सगळी दारं त्यानंच बसवलेली. त्याचा रंधा आतल्या खोलीत राहिला होता. आला, सगळ्यांना नमस्कार-चमत्कार केला, शिडीखालून वाकला आणि छबूबाईंना वळसा घालून सरळ आत गेला!

सगळे गार. छबूबाईसुद्धा. रंगराव वरून म्हणाले, मामी, हा गेला तो? छबूबाई क्षणभर अडखळल्या, पण सरकार ते सरकार. म्हणाल्या, "कारागिराला उंबरा न्हाई. न्हाईतर दार बसवायचं कुनी?"

"मग मीपण कारागीरच की!"

"तुमी जावई."

रंगरावांनी नट आणि पाना दारातून आत फेकले आणि नूरभाईंना हाका मारल्या. नूरमोहम्मद खोक्यावर चढला. डावा नट बसला. उजवा सुरू केला आणि भोंगा वाजला! बाबूनं घड्याळ बघितलं, दारावरचं तोरण बघितलं, मान आत घालून बघितलं. आत एक माणूस घाम पुसत काम करतोय. "आले राहायला," एवढंच म्हणाला आणि निघून गेला. यशोदाबाई रडता रडता हसायला लागल्या.

घर वाचलं! आता संपावं की नाही? पण छबूबाईंच्या मनानं घेतलं. तोरण लागलं कुणाच्या हातानं, तर नूरमोहम्मदच्या. भोंगा झाला तेव्हा घरात कोण, तर नूरमोहम्मद. मग पहिला मान त्याचाच! त्याला उंबऱ्याच्या आत पाटावर बसवलं, बाहेरूनच ओवाळलं, हातात नारळ, डोक्याला रंगरावांसाठी आणलेली नवी टोपी. तो बिचारा कानकोंडा, रंधा पोटाशी धरून बसलेला. छबूबाई म्हणाल्या, तुमी बोलवल्याबिगर आमी कशा येनार? मग त्यानं उठून अगदी रीतसर एकेकाला आत बोलावलं. छबूबाई आल्या, यशोदाबाई आल्या, गाडीवाला आला, उद्धवरावही आले. नळ सुरू झाला, शिरा झाला, पंगत बसली.

आणि रंगराव? ते अजून शिडीवर! नट खरंच आवळले का, तोरणाला तीन-तीनदा हिसके देऊन बघत होते. हललं नाही हं, मानलं पाहिजे. मग शिडी उतरून दारात आले. आतून नूरमोहम्मदचं लक्ष गेलं. तो घाईघाईनं उठून दाराशी आला आणि म्हणाला, "या रंगराव, बाहेर का? आपलंच घर समजा."

रंगरावांनी चपला काढल्या, टोपी नव्हती म्हणून केस सारखे केले, आणि तुम्हाला सांगतो, उंबऱ्याबाहेरूनच हळूच विचारलं, "बसू कुठं?"