जावयाची नजर

म्झुझू शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक जोडपं येऊन बसलं. नवऱ्याची तपासणी नुकतीच झाली होती.

“ऐकलंत ना? डोळे ठणठणीत आहेत म्हणे. म्हणजे खोड तुमचीच!”

“हळू बोल गं.”

“का हळू? आई करोंग्याहून डोक्यावर तांदूळ घेऊन आली आणि जावईबापू बाजारात तिच्या समोरून चालते झाले. वर मासळीवालीपुढे गुडघे टेकून ‘कशा आहात, सासूबाई?’”

“तिनंही तसाच निळा चितेंजे गुंडाळला होता.”

“कापड बघता? तोंड दिसत नाही?”

“दिसतं की. नाक दिसतं, डोळे दिसतात. पण ते कुणाचे, तेच कळत नाही.”

“मग मला कसं ओळखता?”

“आवाजावरून. तू गप्प कुठे बसतेस?”

“देवा रे! आणि आपल्या येवोला? शाळेतून रोज आपलीच पोरगी कशी आणता?”

“मी फाटकाशी उभा राहतो. जी धावत येऊन बिलगते, ती आपली.”

“आणि ज्या दिवशी ती रुसलेली असते?”

“त्या दिवशी थांबून राहतो. सगळ्या मुली गेल्या की जी मागे उरते, ती आपली.”