नितळ तळ्याचा गाळ

अरे, सॉल्ट लेकच्या शाखेत नवीन असताना बँकेतर्फे मी माशांची तळी बघायला गेलो होतो. एक नितळ, शेजारचं गढूळ. मी साहेबी थाटात नितळ तळ्याचं कौतुक केलं. म्हातारे मालक बिमलदा हसले. त्यांनी बांबू खुपसून दोन्हीकडचा गाळ वर काढला. गढूळ तळ्यातला तपकिरी, नुसता मातीचा वास. नितळ तळ्यातला काळाकुट्ट. मी नाकाला रुमालच लावला.

"यात यंदा मृगळ सोडले नाहीत," ते म्हणाले. "तो मासा तळ उकरून खातो. पाणी गढूळ होतं, पण गाळ सडत नाही."

आमच्या घरी तीन महिने एकही भांडण नव्हतं, आणि मी ते अभिमानाने सांगत फिरायचो. त्या संध्याकाळी बायकोला विचारलं, "तुझं नक्की काय बिनसलंय?"

ती म्हणाली, "आधी चहा ठेव. वेळ लागेल."