हळदकुंकवाचं पाकीट

विचारूच नका, आमच्या आबांपुढं मी हात टेकलेत! झरी गावातले गाळे भाड्यानं दिले, म्हणून त्यांना यंदा पहिल्यांदाच इन्कम टॅक्स लागला. म्हणलं, "आबा, मोबाइलवरून भरतो." ऐकतील तर आबा कसले! त्यांनी चेक लिहिला आणि परभणीच्या टॅक्सवाल्या वकिलाला पोस्टानं धाडला. त्यात पहिलाच टॅक्स, म्हणून पाकिटाच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं!

मुदत गेली, दंडाची नोटीस आली. मी तणतणत वकिलाकडं गेलो. पाकीट तिथंच पडलेलं, फोडलेलंसुद्धा न्हाई.

वकील म्हणाला, "अहो, मला वाटलं लग्नपत्रिका हाय."

घरी येऊन सांगितलं. आबांना दंडाचं काहीच न्हाई. त्यांनी तावातावानं वकिलाला फोन लावला, "म्हंजे आमच्या घरी खरंच लगीन असतं, तर तुमी आलाच नसता की!"