खिडकीतला अंतराळवीर

भांडुपच्या दातांच्या दवाखान्यात माझा नंबर सातवा होता. शेजारच्या बाकावर आमच्या सोसायटीतले, खेळणी जमवणारे सौरभ आणि सम्यक बसले होते.

"सम्यक, तोच अंतराळवीर गेल्या वर्षी अठराशेला होता. आता चार हजार सांगतात."

"मग नको घेऊस."

"तुझ्याकडचा देतोस? साडेतीन देतो."

"माझा खोक्यातून बाहेर आलाय रे."

"तू उघडलास? तू तर खोक्याला बोट लावू द्यायचा नाहीस."

"पप्पांनी उघडला. म्हणाले, बिचाऱ्याला तारांनी का बांधलाय? सगळ्या तारा सोडवल्या, त्याचा हात वर केला आणि खिडकीत ठेवला, डोंगराकडे तोंड करून."

"वाट लागली यार. अर्धी किंमत गेली."

"म्हणाले, ढग खाली उतरले की आधी यालाच दिसतील. मग पप्पा वारले त्या दिवसापर्यंत रोज दुपारी खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसायचे. दोघं नुसते डोंगर बघायचे."

"खोका आहे ना पण?"

"आहे. ताराही आहेत."

"मग परत बांधून आत घाल. कुणाला कळणार नाही. तीन देतो."

"हात खाली करावा लागेल त्याचा."

"मग कर ना."

"पप्पांनी वर केलाय तो."