दोन बोटं कापड

आई: अस्तर उसवलं? सगळ्यांसमोर?

मुलगी: कात्रीच मागवली परीक्षक बाईंनी. "ड्रेस कोणी शिवला?" मी म्हटलं, मीच. मग आतली शिवण बघितली आणि हसल्या.

आई: हसायला काय झालं? माझ्या शिवणीवर आजवर कोणी बोट ठेवलं नाही.

मुलगी: आत दोन बोटं कापड सोडलंयस, आई! कॉलेजात दीड सेंटिमीटर शिकवतात. इतकं कापड आत ठेवणारा हात विद्यार्थ्याचा नाही, हे त्यांना लगेच कळलं.

आई: बाईचं अंग काय कायम एकसारखं राहतं? उद्या सैल करावा लागला म्हणजे?

मुलगी: मॉडेलनं एकदा घालून चालायचं होतं. दहा पावलं जायचं, दहा पावलं यायचं. कोण सैल करणार होतं?

आई: तीस वर्षं हे हात तेच करतायत. मग काय सांगितलंस?

मुलगी: डिझाइन माझं आहे म्हटलं. शिवून घेतलं एका बाईकडून.

आई: एका बाईकडून.

मुलगी: आईनं शिवला म्हटलं असतं तर तीन वर्षांचं सगळं काम तपासायला काढून बसल्या असत्या. आता एवढाच ड्रेस बाद झाला. सोमवारी त्यांच्यासमोर बाही कापून, शिवून, ड्रेसला लावून दाखवायची. नाही जमलं तर डिप्लोमा नाही.

आई: बस मशीनवर.

(मशीन चालतं. अडखळतं. थांबतं.)

मुलगी: हे मशीनच जुनं झालंय. कापड ओढतं.

आई: नाचता येईना अंगण वाकडं. चुण्या बघ किती पडल्यात मुंढ्यावर, बाहीच्या जोडाला. उसव.

मुलगी: चौथ्यांदा?

आई: पाचव्यांदाही उसवशील. फॅशन डिझाइन शिकतेस आणि बाही बसत नाही? तीन वर्षं केलंस काय तिथे?

मुलगी: चित्रं काढली. आणि शिवायचं ते सगळं घरी आणलं. मी टाचण्या लावायला घेतल्या की तू हातातून काढून घ्यायचीस. "राहू दे, तू अभ्यास कर." कोण म्हणायचं हे?

आई: तुझी मान माझ्यासारखी वाकू नये म्हणून म्हणायची! लोकांच्या मापाच्या वह्या धरून माझा जन्म गेला. तू खुर्चीवर बसून सांगणारी व्हावीस, एवढंच होतं डोक्यात.

मुलगी: सातवीत मशीनवर बसले होते तर पट्टी मारलीस हातावर.

आई: मारली. आज वाटतं, तो हात धरून बाही शिकवायला हवी होती. चुकलंच माझं.

मुलगी: आता बोलून काय उपयोग! शनिवार आहे आज.

आई: म्हणूनच म्हणते, उसव.

मुलगी: आई, अजून एक आहे. परीक्षक बाईंचा स्वतःचा कपड्यांचा कारखाना आहे. त्यांनी त्या शिवणाऱ्या बाईचा नंबर मागितला. असा हात आता मिळत नाही म्हणाल्या.

आई: दिलास?

मुलगी: नाही. माहीत नाही म्हटलं.

आई: का गं?

मुलगी: मी तिथेच नोकरी मागणार होते. त्यांनी तुला घेतलं आणि मला नाही, तर? मला नाही सहन व्हायचं ते.

आई: तीस वर्षांत कोणी असं विचारलं नव्हतं मला. घरी येऊन निदान सांगायचंस तरी.

मुलगी: देऊ का मग नंबर?

आई: सोमवारी बाही बसली नाही तर दे. दोघींतली एक तरी त्या दारातून आत जाईल.

मुलगी: आणि बसली तर?

आई: तर ती बाई कोण, तुला माहीत नाही. सुई दे इकडे, दोरा ओवून देते.